घोड्यांची वही

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे

प्रश्न : आदरणीय ताई, मी शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए. मराठीतून केलं, यंदा एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉन्ट्रॅक्टचं जाडं इंग्रजी पुस्तक तीनदा वाचून काढलं. व्याख्या पाठ आहेत. पण परीक्षेत एखादा प्रसंग देऊन ‘यात कोणाचा हक्क काय?’ असं विचारलं की हात थांबतो. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे ‘विचार’ असंच मी पहिले दोन महिने धरून चालले होते. ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ यांत अजून गल्लत होते. खटल्यांची नावं तर एकमेकांत मिसळतात. वडील म्हणतात, गाईड घे आणि पास हो. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, ता. शहादा

उत्तर : बेटा, पत्राखाली तालुक्याचं नाव पाहिलं आणि मला एकदम सारंगखेडा आठवलं. तुझ्याच तालुक्यातलं गाव. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तो तू लहानपणापासून पाहिला असशील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तिथूनच देते.

जाडं पुस्तक महिनाभर बाजूला ठेव. नुसत्या कायद्याची पातळ प्रत, आपण जिला बेअर अ‍ॅक्ट म्हणतो, ती घे. हा कायदा, म्हणजे भारतीय करार कायदा, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्यात कलमाखाली उदाहरणं दिलेली आहेत. विद्यार्थी ती सोडून देतात, कारण परीक्षेत व्याख्या विचारतात असा समज असतो. पण ती उदाहरणं कोणा प्राध्यापकाने मागाहून जोडलेली नाहीत, ती कायद्याचाच भाग आहेत. ज्यांनी कायदा लिहिला त्यांनीच सांगून ठेवलंय की हे कलम असं चालवायचं. तू अडतेस ते नेमकं तिथे, कलम प्रसंगावर लावताना.

आणि गंमत बघ, त्या उदाहरणांत जागोजागी घोडे आहेत. त्या काळी घोडा हेच वाहन, त्यामुळे व्यवहारही त्याचेच. कलम २९ मध्ये एक जण म्हणतो, माझा पांढरा घोडा तुला पाचशे किंवा हजार रुपयांना देतो. पाचशे की हजार, हे कशावरूनच कळत नाही, म्हणून तो करार शून्य, म्हणजे व्हॉइड, कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. कलम २० मध्ये सौदा होतो तेव्हा घोडा आधीच मेलेला असतो आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. तोही शून्य. कलम २५ मध्ये हजाराचा घोडा दहा रुपयांना विकलाय. राजीखुशीने विकला असेल तर करार पक्का, किंमत कमी म्हणून मोडत नाही. पण विकणारा म्हणाला की माझी संमती राजीखुशीची नव्हती, तर ती दहा रुपये किंमत कोर्टाने विचारात घ्यायची.

आता कलम १७, फसवणुकीचं. यातल्या उदाहरणाशी माझ्या घरचीच एक गोष्ट जुळते.

माझे वडील दोंडाईच्याला टांगा चालवायचे, स्टेशन ते गाव. मी सातवीत असताना आमचा जुना घोडा गेला आणि वडील सारंगखेड्याहून नवा घ्यायला निघाले. मला सोबत नेलं. एक तांबडा घोडा त्यांना आवडला. त्यांनी दात पाहिले, भोवरे पाहिले, चारही पायांवरून वरून खाली हात फिरवला, खूर उचलून पाहिले. मग मालकाला म्हणाले, “खोड व्हई तं आत्तेच सांग भाऊ. तू उगा राह्यना तं मी समजसू घोडा बरा शे.” म्हणजे, खोड असली तर आत्ताच सांग, गप्प राहिलास तर घोडा चांगला आहे असं मी धरीन. तो माणूस खाली वाकून मोहरकीची गाठ सोडत होता. ती गाठ त्याने सोडली, परत बांधली, पण तोंडातून शब्द काढला नाही. मग रुमालाखाली हात गेले, बोटांवर भाव ठरला आणि घोडा आमचा झाला.

घरी आणून टांग्याला जुंपला तर तो पुढे जाईना, मागेमागे सरके. चाबूक दाखवला की आणखी मागे. जुंपणीची खोड होती त्याला. वडील दुसऱ्या दिवशी परत बाजारात गेले. तो माणूस म्हणाला, “मी कुठे म्हटलं चांगला आहे? मी तर बोललोच नाही.” बाजारातली मोठी माणसंही म्हणाली, खरं आहे, तो बोलला नाही.

पुढे कॉलेजात कलम १७ उघडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या उदाहरणात विकणारा लिलावात खोड असलेला घोडा विकतो, काही बोलत नाही, ती फसवणूक नाही. दुसऱ्यात घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, तेव्हा सांगणं हे त्याचं कर्तव्य. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी समजेन, आणि विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच. माझ्या वडिलांचं वाक्य, जसंच्या तसं! त्यांना कायदा माहीत नव्हता, पण बाजार माहीत होता.

पण थांब. मी इथेच खूश होऊन थांबले असते तर परीक्षेत निम्मे गुण गेले असते. पुढे कलम १९ वाच. फसवणुकीने मिळवलेल्या संमतीचा करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो, हे झालं मूळ कलम. त्याखालचा अपवाद सांगतो की फसवणूक गप्प राहून केलेली असेल आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन खरं शोधता येत असेल, तर करार रद्द करता येत नाही. आता सांग, बाजारात घोडा गाडीला जुंपून बघता आला असता का? आला असता, तर वडिलांची बाजू पडते. त्या बाजारात तशी सोय होती का, मालकाने जुंपू दिलं असतं का, टांगेवाल्याकडून किती काळजीची अपेक्षा धरायची, हे सगळे प्रश्न इथे उभे राहतात. मी सुट्टीत घरी जाऊन हे वडिलांना सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “जुंपून पाहायला हवा होता मी.” तो घोडा त्यांनी पुढे तोट्यात विकला, पण घेणाऱ्याला खोड आधी सांगून.

तुला प्रसंगाचा प्रश्न सोडवता येत नाही तो याच ठिकाणी. तू व्याख्या शोधतेस. तू प्रसंगातली एकेक गोष्ट उचल आणि बदलून बघ. वडील ते वाक्य बोललेच नसते तर? घोडा जुंपून बघितला असता आणि त्या दिवशी नीट चालला असता तर? मालकालाच खोड माहीत नसती तर? एक वही कर, डाव्या पानावर कायद्यातलं उदाहरण मराठीत लिही, उजव्या पानावर त्यात एक गोष्ट बदलून उत्तर कलमासकट लिही. मी माझ्या मुलांकडून हेच करून घेते, आम्ही तिला घोड्यांची वही म्हणतो.

व्हॉइड-व्हॉइडेबलही घोड्यावरच सुटतं. मेलेल्या घोड्याचा करार शून्य. तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. खोड लपवलेल्या घोड्याचा करार शून्यकरणीय, म्हणजे फसलेल्याने ठरवायचं, ठेवायचा की मोडायचा. त्याने मोडेपर्यंत तो जिवंत आहे.

रुमालाखालच्या बोटांचंही सांगते, कारण हे कोणत्याच वर्गात निघत नाही. कलम ९ म्हणतं, प्रस्ताव किंवा स्वीकार शब्दांनी केला तर वचन स्पष्ट, शब्दांवाचून केला तर गर्भित. त्या सौद्यात भावाचा एक शब्द उच्चारला गेला नाही, तरी करार झालाच.

‘कन्सिडरेशन’ला शासकीय मराठीत प्रतिफल म्हणतात, तू मोबदला म्हणून समज. कलम २(ड) वाचताना ‘किंवा अन्य कोणी व्यक्ती’ या शब्दांखाली रेघ मार. आपल्याकडे मोबदला तिऱ्हाइताकडून आला तरी चालतो, इंग्लंडच्या कायद्यात चालत नाही. तुझ्या पुस्तकात दोन्हीकडचे खटले शेजारी-शेजारी येतात, म्हणून प्रत्येक नावापुढे ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे समासात लिहीत जा.

खटल्याचं नाव शेवटी पाठ कर, आधी गोष्ट. मालकाचा पुतण्या घरातून पळाला, मुनीम लालमन शुक्ल त्याला शोधायला हरिद्वारला गेला. मागाहून मालकाने पाचशे एक रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं काढली. मुनिमाने मुलगा शोधला तेव्हा त्याला त्या बक्षिसाचा पत्ताच नव्हता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये त्याचा दावा फेटाळला, कारण जो प्रस्ताव माहीतच नाही तो स्वीकारणार कसा? ही गोष्ट आईला सांगून बघ. तिला पटवून सांगता आली की नाव आपोआप चिकटेल.

वडिलांना सांग, गाईड परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात उजळणीला घेईन. त्याआधी नको.

प्रश्न : ताई, माझ्याकडे मोठ्या भावाची २०१२ ची पुस्तकं आहेत. करार कायदा तर जुनाच आहे, मग तीच वापरली तर चालतील का?
— एक विद्यार्थी, ता. यावल

उत्तर : बरीचशी चालतील, पण दोन ठिकाणी जपायला हवं. कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी करून देणारा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ हा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात बदलला आणि ते बदल १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाले. अंमलबजावणीचा हुकूम देणं न देणं आधी कोर्टाच्या मर्जीवर होतं, आता कायद्यातल्या अटी सोडून इतर वेळी तो द्यावाच लागतो. भावाच्या पुस्तकातलं ते प्रकरण वाचू नकोस, ग्रंथालयातून नवं घे. दुसरी जागा करार कायद्याचं कलम १५, जबरदस्तीची व्याख्या. तिथे भारतीय दंड संहिता असा उल्लेख आहे. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. उत्तरपत्रिकेत हे एका ओळीत लिहायचं, म्हणून पुस्तकाच्या समासात पेन्सिलने आजच टिपून ठेव.