गाडी घेतली, पैसे दिले, आरसी मात्र अजून जुन्या मालकाच्या नावावर

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका गृहस्थांकडून 2015 ची कार घेतली. आम्ही दोघेही पुण्याचे, गाडी एमएच-12. पूर्ण रक्कम बँकेतून दिली, फॉर्म 29 (विक्रीची सूचना) आणि फॉर्म 30 (मालकी बदलाचा अर्ज) यांवर त्यांच्या सह्या घेतल्या. ऑनलाइन अर्ज करून फी भरली, पण स्टेटस जागचे हलत नाही. आरसीवर देना बँकेचा बोजा दिसतो; कर्ज केव्हाच फिटले आहे. एजंट म्हणतो, “पाच हजार द्या, आठवड्यात कार्ड हातात.” चलानचे मेसेज विक्रेत्यांच्या मोबाइलवर जातात, त्यामुळे तेही वैतागलेत. तत्काळ फी भरून काम लवकर होते का?

उत्तर: पासपोर्टला तत्काळ आहे, आरसी हस्तांतरणाला नाही. खासगी कारच्या हस्तांतरणाचे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 81 मधले मूळ शुल्क 300 रुपये. कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा. याहून जास्त भरून रांगेत पुढे जाण्याची कायदेशीर सोय नाही. एजंट धावपळीचे पैसे घेत असेल तर तो तुमचा व्यवहार. पण ‘साहेबांना द्यावे लागतात’ असे म्हणून मागत असेल, तर 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 खाली लाच देणाराही आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास बचाव मिळतो. लाचलुचपत विभागाचा क्रमांक 1064.

तुमची फाइल बहुधा बोजावर अडली आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 51 सांगते की आरसीवर वित्तपुरवठादाराचे नाव असेपर्यंत त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद करता येत नाही. कर्ज फिटले म्हणून ते नाव आपोआप उडत नाही. फॉर्म 35 च्या दोन प्रती, बँकेची सही-शिक्का आणि एनओसी लावून ते उतरवावे लागते, आणि हा अर्ज नोंदणीकृत मालकाच्या, म्हणजे विक्रेत्यांच्या नावाने जातो. तुमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आरसीवर एक नाव आणि पत्रावर दुसरे दिसले की कारकून त्रुटी काढतो, आणि तो चुकत नाही. शाखेकडून नव्या तारखेची एनओसी घ्या. तिच्यात गाडीचा क्रमांक, चेसिस नंबर, कर्ज खाते क्रमांक आणि ‘पूर्वीची देना बँक’ हा उल्लेख मागून घ्या. विक्रेत्यांच्या कपाटातली जुनी एनओसी चालेल असे धरू नका. बँका अशा पत्रावर साधारण तीन महिन्यांची मुदत छापतात.

हे करतानाच बाकीचे अडथळेही एकदम काढा, नाहीतर एक त्रुटी पुरी केली की दुसरी निघते. प्रलंबित ई-चलान असेल तर ते भरा. ताबा घेतल्यानंतरचे चलान तुमचेच आहे, त्यावरून विक्रेत्यांशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. विमा आणि पीयूसी अर्ज मंजूर होण्याच्या दिवशीही चालू हवेत. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) पाट्या बसवून घ्या. त्याशिवाय राज्यात आरटीओची असली कामे अडवली जातात. फॉर्म 30 वर चेसिसचा पेन्सिल छाप पुसट असेल तर पुन्हा घ्या.

आधार ओटीपीने घरबसल्या अर्ज करण्याची पद्धत चांगली, पण आरसीवर आद्याक्षरे आणि आधारवर पूर्ण नाव असले की ती तिथेच थांबते. विक्रेत्यांचा नोंदवलेला मोबाइल बंद असला तरी तेच. मग हट्ट न धरता कागदी संच खिडकीवर द्या आणि पोच घ्या. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकला की फाइल छाननी, पडताळणी की मंजुरीच्या टप्प्यावर आहे ते दिसते. ‘पेंडिंग’ एवढेच वाचून थांबू नका, शेरा वाचा. कागद पुन्हा अपलोड करायला सांगितले असेल तर फाइल आरटीओकडे नाही, तुमच्याकडे पडून आहे.

एवढे करूनही हालले नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 वापरा. अधिसूचित सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी कार्यालयातल्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. ही मुदत सर्व बाबतीत पूर्ण अर्ज पोचल्यापासून मोजतात, म्हणून वरची झाडाझडती आधी. मुदत उलटल्यावर किंवा अर्ज फेटाळल्यावर 30 दिवसांत पहिले अपील करा. सबळ कारण दिले तर 90 दिवसांपर्यंत ते घेता येते. त्यानंतर दुसरे अपील, आणि तिसरे सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम किरकोळ वाटते, पण ती त्याच्या पगारातून जाते. अपिलात राग नको: अर्ज क्रमांक, पावती, पूर्ततेची तारीख, संपलेली मुदत, एवढे एका पानात बसते. लेखी नकार हाती आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 57 चे अपीलही आहे, तेही 30 दिवसांतच.

आता विक्रेत्यांचे. विक्रीनंतर राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवणे ही त्यांची जबाबदारी, आणि 30 दिवसांत कळवणे तुमची (कलम 50). दोघांचीही मुदत टळली आहे, विलंबाची रक्कम पडेल, ती भरून मोकळे व्हा. पैसे देऊन ताबा घेतलात तेव्हा तुमच्या दोघांपुरती गाडी तुमची झाली. पण अपघातात जखमी झालेल्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडी पुढे विकल्याचे सांगणाऱ्या नोंदणीकृत मालकावरच भरपाईची जबाबदारी टाकली. हे त्यांना शांतपणे दाखवा. बँकेत सोबत यायला ते लगेच तयार होतील. फॉर्म 29 ची एक प्रत त्यांनी स्वतः आरटीओला नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपावी.

विमा मात्र आरसी येईपर्यंत लांबणीवर टाकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 मुळे तृतीय पक्षाचे (अपघातात नुकसान झालेल्या इतरांचे) संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. कंपनीला 14 दिवसांत कळवायचे होते. आजच फॉर्म 29, 30 आणि आरटीओची पावती जोडून अर्ज द्या. नो क्लेम बोनस विक्रेत्यांचा राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक तुमच्याकडून घेतला जाईल.