मेलबर्नची यारिस आणि बडोद्याचा हिशेब

मेव्हण्याकडे मेलबर्नला तीन आठवडे राहून आलात आणि त्याची टोयोटा यारिस हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी) डोक्यात बसली, हे पत्राच्या पहिल्या ओळीतच कळलं. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, आकार बलेनोएवढा आणि शंभर किलोमीटरला साडेतीन लिटर पेट्रोल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला २८. तुमचे प्रश्न दोन आहेत. ती गाडी आपल्याकडे का मिळत नाही? आणि मिळत नसेल, तर इथे शोरूममध्ये जी हायब्रिड उभी आहे ती घेऊन टाकावी का?

तुम्ही कळवलेली माहिती थोडक्यात मांडतो. घर बडोद्याच्या कारेलीबागेत, तुमची नोकरी हालोलला, जायला-यायला कंपनीची बस. गाडी मुख्यतः वहिनी चालवतात: अलकापुरीतली शाळा, बाजार, मुलीचे क्लास, आणि वर्षातून दोनदा सांगली. सगळं मिळून वर्षाला १२ हजार किलोमीटर. सध्याची गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. तिचा क्लच आणि एसीचा कॉम्प्रेसर गेलाय, गॅरेजवाल्याने २८ हजार सांगितलेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, घराचा हप्ता २४,५००, एसआयपी १० हजार. मुलगी नववीत, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ७ लाखांची एफडी. बेत असा, की ही एफडी मोडायची, जुनी गाडी १ लाख ४० हजारांना द्यायची, १० लाखांचं कर्ज काढायचं आणि १८ लाख ४० हजार ऑन-रोडची स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही जाणारी) एसयूव्ही आणायची.

माझं मत आधीच सांगतो: आत्ता ही गाडी घेऊ नका. हायब्रिडचं तंत्र वाईट आहे म्हणून हे सांगत नाही, मला ते मनापासून आवडतं. पण तुम्ही प्रेमात पडलात एका गाडीच्या आणि पैसे द्यायला निघालात दुसऱ्याच गाडीचे.

यारिस इथे का नाही, याचं मोठं कारण आपल्या करात दडलंय. आपल्याकडे पेट्रोलची गाडी 'छोटी' ठरायला दोन अटी लागतात: लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन १,२०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्यांवर ४० टक्के. हायब्रिडलाही हाच नियम. यारिसची लांबी ३,९४० मिलिमीटर, म्हणजे ती अट पूर्ण. पण इंजिन १,४९० सीसीचं, म्हणून रवानगी ४० टक्क्यांत. जपानची निसान नोट ई-पॉवर बघा, तिथे नेमकं उलट होतं. इंजिन १,१९८ सीसी, अगदी मापात. पण लांबी ४,०४५ मिलिमीटर. साडेचार सेंटिमीटरने गेली! टोयोटाची ॲक्वा दोन्हीकडे बाहेर. होंडा फिटचं हायब्रिड इंजिनही दीड लिटरचं. जगातल्या नावाजलेल्या छोट्या हायब्रिड अशा एकेक करून आपल्या चाळणीतून गळतात. आठ लाखांच्या मूळ किमतीवर १८ आणि ४० टक्क्यांमधला फरक पावणेदोन लाखांच्या पुढे जातो. छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकाला तेवढा बोजा झेपत नाही, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

'सरकारने हायब्रिडवरचा कर कमी केला ना?' असंही तुम्ही विचारलंय. मोठ्या हायब्रिडवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के सेस (उपकर), असे ४३ टक्के होते, ते ४० झाले. इलेक्ट्रिक गाडीवर मात्र ५ टक्केच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी करमाफ केली होती. तुमच्या गुजरातच्या कोटेशनवर ६ टक्के रोड टॅक्स पूर्ण लागलाय, नीट बघा.

आणि आपल्यालाच वगळलंय असंही नाही. अमेरिकेत यारिस हायब्रिड मिळत नाही. ॲक्वा तिथे 'प्रियस सी' नावाने विकली जायची, तीही २०१९ ला बंद झाली. तिथलं गिऱ्हाईक मोठ्या गाडीकडे वळलं. युरोपात मात्र २०१२ पासून यारिस हायब्रिड आहे आणि ती युरोपातच बनते. श्रीलंकेत आणि पाकिस्तानात रस्त्यावर भरपूर ॲक्वा दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या. आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी गाडी आणता येत नाही आणि शुल्क धरून किंमत दुपटीच्या वर जाते, तेव्हा ती वाट बंद. एक आठवण करून देतो: भारतात २०१८ ते २०२१ या काळात 'यारिस' नावाची सेडान विकली गेली. ती साधी पेट्रोल होती, मेव्हण्याच्या गाडीशी तिचा नावापुरताच संबंध. जुन्या बाजारात कुणी 'यारिस आहे' म्हणाला तर गडबडू नका.

आता इथे काय मिळतं ते बघू. ग्रँड विटारा, हायरायडर, व्हिक्टोरिस, होंडा सिटीची ई:एचईव्ही, आणि वरच्या किमतीत इनोव्हा हायक्रॉस वगैरे. चार मीटरच्या आतली स्ट्राँग हायब्रिड आज एकही नाही. शोरूममध्ये 'स्मार्ट हायब्रिड' असं लिहिलेलं दिसेल. ती माइल्ड हायब्रिड. सिग्नलला इंजिन बंद करते, सुटताना थोडा हात देते, पण नुसत्या बॅटरीवर चालत नाही. विक्रेता 'हायब्रिडच आहे साहेब' म्हणाला, तर 'इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का?' एवढंच विचारा.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एकाकडे स्ट्राँग हायब्रिड आहे. गणपतीच्या दिवसांत त्याच्यासोबत दांडियाबाजारातून मांडवीकडे निघालो होतो. गर्दी अशी, की पायी जाणारे आमच्या पुढे. पण समोरच्या पडद्यावर बाण बॅटरीकडून चाकांकडे जात होता आणि इंजिनचा आवाजच नाही. ब्रेकवर पाय ठेवला की बाण उलटा फिरून बॅटरीकडे. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला, गाडी बंद पडली की काय म्हणून! त्याच गाडीतून पुढच्या आठवड्यात एक्सप्रेस-वेने अहमदाबादला गेलो, तेव्हा जवळपास सगळा वेळ इंजिन चालू. हायब्रिडची कमाई थांबत-थांबत जाण्यात आहे; सलग शंभरच्या वेगाला ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत परत येणार काय? वहिनींचा रोजचा रस्ता शहरातला आहे, म्हणजे तुमच्या वापराला हायब्रिड शोभते. हे मी नाकारत नाही.

पण पैसे मोजू. पेट्रोल ९५ रुपये आणि सीएनजी ८० रुपये किलो धरतो. तुमच्या पंपावरचे भाव घालून पुन्हा करून बघा. हायरायडरचं जाहीर मायलेज लिटरला २७.९७ आहे. ते प्रयोगशाळेतलं. एसी लावून, आपल्या उन्हात, मी २२ धरतो. १२ हजार किलोमीटरला ५४५ लिटर, म्हणजे वर्षाला ५१,८०० रुपये. साधी पेट्रोल हॅचबॅक शहरात १६ देते असं धरलं तर ७१,२५०. सीएनजी हॅचबॅक किलोला २४ धरली तर ४० हजार.

म्हणजे हायब्रिड पेट्रोल हॅचबॅकपेक्षा वर्षाला साडेएकोणीस हजार वाचवते. सात वर्षांत १ लाख ३६ हजार. आणि तुमच्या १० लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने सात वर्षांत व्याज किती? हप्ता १६,०९०, एकूण व्याज ३ लाख ५१ हजार. वाचलेलं सगळं पेट्रोल व्याजात जातं, वर दोन लाख खिशातून. सीएनजीशी तुलना केली तर इंधनातही हायब्रिडच महाग पडते, पावणेबारा हजारांनी.

एसयूव्हीची तुलना हॅचबॅकशी करणं अन्यायाचं आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. तुम्ही त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचंही कोटेशन पाठवलंत ते फार चांगलं केलंत: १५ लाख ४० हजार. फरक तीन लाखांचा. ती शहरात १३ देईल असं धरलं, तर हायब्रिड वर्षाला ३६ हजारांच्या आसपास वाचवते आणि तीन लाख फिटायला आठ वर्षं लागतात. वापर २४ हजार किलोमीटरचा असता तर चार वर्षांत फिटले असते. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, तेव्हा मोठीच गाडी हवी असलेल्या आणि भरपूर फिरणाऱ्या माणसाला मी बेलाशक हायब्रिड सांगतो. थर्ड पार्टी विम्यात हायब्रिडला साडेसात टक्के सूट मिळते, पण ती काही शे रुपयांची, त्यावर निर्णय फिरत नाही. तुम्हाला मात्र मोठी गाडी नकोच होती. पत्रात 'पार्किंगला छोटी बरी' हे वाक्य तुमचंच आहे.

खरी काळजी मला एफडीची वाटते. मुलगी नववीत आहे. फी भरायची वेळ येईल तेव्हा एफडी गाडीत गेलेली असेल आणि हप्ते अर्धेही संपलेले नसतील. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल. घराचा आणि गाडीचा हप्ता मिळून ४० हजार सहाशे, पगाराच्या ३९ टक्के, आणि एसआयपी बंद करायची असंही तुम्ही सहज लिहून गेलात. नववीपासूनची ही चार वर्षं आईवडिलांच्या पैशाची सगळ्यांत नाजूक वर्षं असतात. एफडी मोडून गाडी घेतलेली आणि मग शिक्षणकर्जासाठी घर तारण ठेवलेली कुटुंबं माझ्यासमोर बसून गेली आहेत. त्यात कुणी उधळे नव्हते, तुमच्यासारखीच विचारी माणसं होती.

मग करायचं काय? २८ हजार खर्चून क्लच आणि कॉम्प्रेसर करून घ्या. गाडीची नोंदणी २०३० पर्यंत आहे, इंजिन ठीक आहे असं तुम्हीच लिहिलंय. आणि जो १६ हजारांचा हप्ता भरायची तयारी होती, तो आतापासून आरडीत भरा, दीड वर्ष. एसआयपी चालू ठेवूनच. साडेसहा टक्क्यांनी १८ महिन्यांत सुमारे ३ लाख ३ हजार जमतात. मध्ये कुठल्या महिन्यात ओढाताण झाली, तर १८ लाखांची गाडी परवडणारी नव्हती हे कर्जात न अडकता कळेल.

दीड वर्षाने ते तीन लाख, जुन्या गाडीचे लाख-सव्वालाख आणि ५ लाखांचं चार वर्षांचं कर्ज. हप्ता साडेबारा हजारांच्या आत. यात ९ लाख १० हजारांची सीएनजी हॅचबॅक बसते आणि एफडीला हात लागत नाही. सीएनजीला वहिनींचा नकार डिकीमुळे आहे, आणि सांगलीला दोन बॅगा न्यायच्या तर तो रास्तच आहे. टाटाच्या अल्ट्रोझ, टियागोमध्ये आता दोन लहान सिलिंडर तळाशी बसवतात, वर बॅग ठेवता येते. एकदा दोघांनी जाऊन आपली बॅगच ठेवून बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, ती विसरू नका. पंपावरची रांग आहेच, पण शाळेतून येताना दुपारी भरलं तर त्रास कमी. इलेक्ट्रिकचा विचार सोसायटीत चार्जरला परवानगी मिळाली तरच.

या दीड वर्षात चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीची स्ट्राँग हायब्रिड आली तर? मलाही ती यायला हवी आहे. तेव्हा एकच आकडा जवळ ठेवा: दीड लाख. लिटरला खरे २६ दिले तर ती पेट्रोल हॅचबॅकपेक्षा वर्षाला सव्वासत्तावीस हजारांच्या वर वाचवेल, सात वर्षांत एक लाख नव्वद हजार. म्हणून तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दीड लाखापर्यंत महाग असेल तर घ्या, डिकीचा प्रश्नही सुटेल. अडीच-तीन लाख महाग असेल तर सीएनजीच. आणि पहिल्या सहा महिन्यांत बुकिंग करू नका, लोकांचे खरे मायलेजचे आकडे येऊ द्या.

एफडीची मुदत मार्चमध्ये संपते म्हणालात. तोपर्यंत तिला हात लावू नका, मुदतीआधी मोडली तर व्याजदर कापतात. मार्चमध्ये बँकेत दोघं मिळून जा, मुलीच्या बारावीच्या निकालाच्या महिन्यापर्यंतची नवी करून घ्या, आणि तिला सोबत न्या. पैसे कशासाठी ठेवलेत हे तिलाही कळू द्या.