आईला कुठली ब्रिटिश मालिका दाखवू?

प्रश्न : आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलीये. रविवारी रात्री पीबीएसवर, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्हीवर, ब्रिटिश मालिका लागतात, त्या मी आणि नवरा कित्येक वर्षं बघतोय. पण आई दहा मिनिटांत "काय पुटपुटतायत गं हे" म्हणून उठून जाते. तिला कुठली दाखवू? आणि यांचा सीझन सात-आठ भागांत संपतोच कसा? आपल्याकडे एवढ्यात साखरपुडापण होत नाही! (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आधी सबटायटल लावा, लाजायचं काय त्यात, आम्हीपण लावतो. आणि सुरुवात सरळ 'डाउन्टन अ‍ॅबी'पासून करा. सगळ्यांनी बघितलंय म्हणून नाक मुरडू नका, आईने नाही ना बघितलं. 1912 साल, टायटॅनिक बुडते आणि तिच्यासोबत एका इंग्रज उमराव घराण्याचे वारस बुडतात, घरात मुली तीन पण मुलगा नाही, मग एवढा मोठा वाडा आणि जमीनजुमला जाणार कोणाला तर लांबच्या भावकीतल्या एका वकिलाला, ज्याचं तोंडसुद्धा कोणी बघितलेलं नाही. हे आईला समजावून सांगायला लागणारच नाही, उलट तीच तुम्हाला पुढे काय होणार ते सांगेल. आणि तळघरातलं ते स्वयंपाकघर! स्वयंपाकीणबाईंना दिसेनासं झालंय, त्या ते लपवतायत आणि एक दिवस गोडावर साखरेऐवजी मीठ पडतं. माझ्या मते वरच्या दिवाणखान्यापेक्षा खालीच जास्त मजा आहे.

मग 'फॉइल्स वॉर'. 1940चं हेस्टिंग्ज, म्हणजे इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव, दुसरं महायुद्ध चालू, रेशन, काळाबाजार आणि त्यात खून. तपास करणारे पोलीस अधिकारी फॉइलसाहेब कमी बोलतात आणि जे बोलतात ते स्पष्ट, म्हणजे पुटपुटण्याची तक्रार नाही. रेशनकार्डाच्या रांगा बघितलेल्या पिढीला हे लगेच कळतं.

भाग कमी का, तर तिकडे बऱ्याचदा एकटा लेखकच सगळं लिहितो. 'एन्डेव्हर' या पोलीस तपासाच्या मालिकेचे सगळे 36 भाग एकट्या रसेल लुइसने लिहिलेत, 2012 ते 2023 मध्ये, आणि एकेक भाग दीड तासाचा, म्हणजे सिनेमाच की. रोज अर्धा तास पाडायचा म्हटलं की काय होतं ते आपण रोज संध्याकाळी बघतोच.

प्रश्न : 'मॉर्स', 'लुइस' आणि 'एन्डेव्हर' यातलं आधी काय बघू? मी तार खात्यातून रिटायर झालोय, आता मुलाकडे सिएटलला असतो, वेळच वेळ आहे.

उत्तर : काका, आधी 'मॉर्स'च. तिन्ही एकाच गोतावळ्यातल्या, मॉर्स नावाच्या पोलीस इन्स्पेक्टरपासून सुरू झालेल्या. कथेच्या काळाप्रमाणे 'एन्डेव्हर' पहिली, त्यात 1965 सालातला तरुण मॉर्स आहे, पण मूळ मालिकेत मॉर्स आपलं पहिलं नाव कितीतरी वर्षं कोणालाच सांगत नाही आणि नंतरच्या मालिकेने ते थेट टायटललाच लावून टाकलंय! म्हणजे आधी ती बघितली की गंमत गेली. 'मॉर्स' 1987 ते 2000, 33 भाग, मॉर्सच्या भूमिकेत जॉन थॉ. मग त्याच्या सार्जंटची 'लुइस', तिचेपण 33च, आणि शेवटी 'एन्डेव्हर'.

आणि एक काम करा, 'मॉर्स'चं सुरुवातीचं म्युझिक डोळे मिटून ऐका. संगीतकार बॅरिंग्टन फेलूंगने त्यात मॉर्स हे नाव तारेच्या खरोखरच्या कडकट्टमध्ये, म्हणजे मॉर्स कोडमध्ये, वाजवलंय. आम्हाला दहा वेळा ऐकून कळलं नाही, तुमच्या कानाला किती वेळात कळतं ते जरूर कळवा.