लीड्सच्या जुन्या भाड्याच्या घरात ऊब टिकवायची तर

ऑक्टोबरमध्ये बायको-पोरीला घेऊन कोल्हापूरहून लीड्सला येतोयस, घर जुनं, विटांचं, भाड्याचं. दोन इलेक्ट्रिक हीटर घेऊन ठेवू का, असं विचारलंस. भावा, हीटरचा नाद सोड, गॅसच्या बॉयलरनंच घर तापव. इथं गॅससुद्धा महावितरणच्या बिलासारखा युनिटातच मोजतात, आणि विजेचं युनिट त्याच्या साधारण चौपट महाग पडतं. दोन किलोवॉटचा हीटर पाच तास चालला की दहा युनिटं गेली.

घर पक्कं करायच्या आधी त्याचं ईपीसी, म्हणजे घराला ऊर्जा किती लागते त्याचं प्रमाणपत्र बघ, ऑनलाइन फुकट मिळतं. श्रेणी ए ते जी, ए सगळ्यात चांगली. काही सवलती सोडल्या तर इंग्लंडात ई च्या खालचं घर भाड्यानं देता येत नाही. वरच्या मजल्याचं घर असेल तर माळ्यावर 270 मिमी इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरणारा थर, आहे का विचार.

आल्यावर पहिलं काम फटींचं. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती, दाराच्या तळाशी, पत्रपेटीच्या फटीपाशी हळू फिरव. धूर आडवा पळाला की तिथं फट. खिडकीला फोमची चिकटपट्टी, दाराखाली ब्रशपट्टी. पट्टी फटीपेक्षा किंचितच जाड घे, फार जाड घेतलीस तर खिडकी लागत नाही. आणि लाकूड पुसून कोरडं केल्याशिवाय चिकटवू नकोस, आठ दिवसांत सुटते. हवा खेळायला ठेवलेली खिडकीच्या वरची बारीक झडप आणि भिंतीतल्या हवेच्या जाळ्या मात्र कधीच बुजवायच्या नाहीत.

मग बॉयलर, म्हणजे पाणी तापवून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरवणारं गॅसचं यंत्र. कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय थेट गरम पाणी देणारा, असेल तर रेडिएटरच्या चित्राचं तापमानाचं बटण बघ, बहुतेक वेळा ते 75-80 अंशांवर असतं. 60 वर आण. परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो, नाहीतर ती बाहेर जाते. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर हे करू नकोस. टाकीतलं पाणी 60 वरच लागतं, नाहीतर लिजिओनेला जंतू वाढतात. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम लागला तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद कर, निवू दे, खाली फडकं धर, रेडिएटरच्या वरच्या टोकाच्या छोट्या झडपेत तिची चावी घालून पाव आटा डावीकडे फिरव. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. नंतर बॉयलरचा दाबाचा काटा 1 ते 1.5 बारवर आहे का बघ.

राहिली ओल. पांढरा रस्सा तासभर उघडा रटरटला, वर ओले कपडे खोलीतच वाळत घातले, की सगळी वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. जुलैतल्या आपल्या जुन्या वाड्यांचा वास आठव. भांड्यावर झाकण, एक्झॉस्ट चालू, कपड्यांच्या खोलीचं दार बंद आणि खिडकी बोटभर उघडी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, चार बोटं जागा सोड.

घराची चावी मिळाली त्याच दिवशी गॅस आणि वीज, दोन्ही मीटरचे फोटो काढून कंपनीला आकडे कळव, नाहीतर आधीच्या भाडेकरूची युनिटं तुझ्या बिलात येतात.