जुना फिफ्थ-व्हील कॅम्पर घेताना

प्रश्न : पिकअप ट्रकच्या हौद्यातील कपलिंगला जोडून ओढायचा, म्हणजे ‘फिफ्थ-व्हील’ प्रकारचा, वापरलेला कॅम्पर (प्रवासात राहण्याची सोय असलेली, मागे जोडायची गाडी) आम्ही पाहिला आहे. आतून तो नव्यासारखा दिसतो. व्यवहारापूर्वी काय तपासावे?

उत्तर : आतल्या चकचकीतपणावर जाऊ नका. अशा कॅम्परचा खरा शत्रू म्हणजे पाणी. छपराच्या सांध्यांतून किंवा मुक्कामी जागा वाढवण्यासाठी बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या रबरी पट्ट्यांतून ते आत शिरते आणि भिंतीतले लाकूड कोणाच्या नकळत कुजवत राहते. म्हणून शिडी लावून छपरावरचे सीलंट कोठे तडकले आहे का ते स्वतः पाहा, नंतर कपाटांचे आतले कोपरे अंगठ्याने आणि सरकत्या खोलीलगतची जमीन टाचेने दाबून बघा. जमीन दबली, किंवा बाहेरच्या फायबरग्लासवर फुगवटे दिसले, तर सौदा सोडलेला बरा. सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट असेल तर ओलीचा कुबट वास लपवला असावा, असा मला तरी संशयच येतो.

पुढे किंगपिनच्या, म्हणजे ट्रकच्या कपलिंगमध्ये अडकणाऱ्या कॅम्परच्या जाड खुंटीच्या, वरच्या चौकटीचे वेल्डिंग टॉर्चच्या उजेडात न्याहाळा. रंगातली केसाएवढी रेघसुद्धा भेगेची खूण असू शकते. टायरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहा : बाजूवरील तारखेचा चार आकडी संकेत ‘२३१९’ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गॅस, वीज व पाणी जोडून सर्व उपकरणे चालवून दाखवण्यास सांगा. शिवाय कॅम्परच्या वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो, तेव्हा आपल्या ट्रकची क्षमता आधी पडताळून घ्या.