100 ट्रायो घेऊनही रिझल्ट का नाही आला?

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझ्या पीएचडीत 100 ट्रायो आहेत, म्हणजे आजारी मूल आणि त्याचे आईवडील. एकाच व्हेरियंटवर (डीएनएमधला एक बदल) टीडीटी केली, म्हणजे पालकांनी मुलाला कुठला अलील (जीनचं रूप) दिला ते मोजणारी ट्रान्समिशन डिसइक्विलिब्रियम टेस्ट. रिस्क अलील 24 वेळा मुलाकडे गेला, 16 वेळा नाही गेला, पी व्हॅल्यू (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) 0.2. मग "संबंध नाही" असं लिहू का? की केस-कंट्रोलच (आजारी आणि निरोगी लोकांची तुलना) करायला हवं होतं?

उत्तर : "संबंध नाही" असं प्लीज लिहू नका! 300 सॅम्पल म्हणजे खूप वाटतात, पण स्पीलमन, मॅकगिनिस आणि एवन्स यांनी 1993 मध्ये मांडलेली ही टेस्ट फक्त हेटेरोझायगस, म्हणजे दोन वेगळे अलील असलेले पालक मोजते, कारण ज्याच्याकडे दोन्ही अलील सारखेच आहेत त्याने मुलाला कुठला दिला याने काहीच कळत नाही. म्हणजे तुमच्या 200 पालकांतले 40च कामाला आले, बाकी 160 जणांचं रक्त घेतलं, जीनोटायपिंग केलं, आणि टेस्टमध्ये ते शून्य धरले गेले. अलील 10 टक्क्यांच्या आसपास असेल तर हे असंच होतं.

आता समजा खरा ऑड्स रेशो (रिस्क अलीलमुळे आजाराचे ऑड्स किती पट होतात ते) 1.5 आहे, म्हणजे ट्रान्समिशन साधारण 60:40, तर 40 पालकांत तुम्हाला अपेक्षित काय होतं? 24 आणि 16च! अगदी तेच आलंय आणि तरीही टेस्ट पास होत नाही, कारण पी व्हॅल्यू नेहमीच्या 0.05 कटऑफच्या खाली जायला किमान 27:13 लागतं आणि ते पाचातून एखाद्या वेळीच होईल. आणि मला जास्त काळजी याची वाटते की ज्याला नशिबाने 27:13 मिळालं तो ऑड्स रेशो 2 च्या वर छापतो, खरा 1.5 असताना, मग दुसरा कोणी तेच करून बघतो आणि त्याला काही सापडत नाही.

80 टक्के पॉवर (खरा संबंध असेल तर तो पकडण्याची शक्यता) हवी तर असे जवळपास 200 हेटेरोझायगस पालक लागतील, म्हणजे 500 कुटुंबं, तेही एकच व्हेरियंट तपासत असाल तर. पूर्ण जीनोम तपासायचा तर 0.00000005 चा कटऑफ लागतो, तिथे हा आकडा अडीच हजार कुटुंबांवर जातो.

केस-कंट्रोलचं म्हणाल तर 100 केस आणि 100 कंट्रोलमधून साधारण एवढीच पॉवर मिळाली असती, तीही 200 सॅम्पलमध्ये. पण वेगवेगळ्या समाजगटांची सरमिसळ झाली की तिथे खोटे संबंध दिसायला लागतात, ट्रायोत ती भीती नाही कारण त्याच पालकाचा न दिलेला अलील हाच कंट्रोल असतो. त्यामुळे तुमचं डिझाइन चुकलंय असं मी म्हणणार नाही, कुटुंबं कमी पडली.

थिसिसमध्ये ऑड्स रेशो 1.5 आणि 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा ऑड्स रेशो साधारण ज्या रेंजमध्ये असू शकतो ती) 0.8 ते 2.8 असं सरळ द्या, त्यात "काहीच नाही" पण बसतं आणि "जवळजवळ तिप्पट" पण बसतं. आलेल्या रिझल्टवरून मागाहून पॉवर काढत बसू नका, ती पी व्हॅल्यूच वेगळ्या रूपात असते. आणि हे 24 आणि 16 नक्की छापा, म्हणजे पुढे कोणी मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब) करेल तेव्हा तुमच्या 100 कुटुंबांचा डेटा त्यात घेता येईल.