कॅनडात साइटवर काम करायला येताय? बूट तिकडून आणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयटीआय इलेक्ट्रिशियन, सातपूर एमआयडीसीत कामाचा अनुभव, नोव्हेंबरात ऑन्टारिओत हॅमिल्टनजवळ बांधकामाच्या साइटवर अप्रेंटिस म्हणून रुजू होणार. नाशकात सेफ्टी शूज दीड-दोन हजारांत मिळतात, मग दोन जोड बॅगेत टाकूनच यावं का?

एकही जोड आणू नका. भारतातले बूट वाईट असतात म्हणून नव्हे. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या चांगल्या सेफ्टी शूजची टो-कॅप, म्हणजे बोटांवरची कडक टोपी, २०० ज्यूलचा आघात सोसते. ऑन्टारिओच्या बांधकाम नियमांत (२१३/९१) मागणी आहे १२५ ज्यूलची, शिवाय तळ १.२ किलोन्यूटन जोरापर्यंत खिळ्याने भेदला जाऊ नये अशी. दोन्हींच्या चाचणीची रीत थोडी वेगळी आहे, पण टोपीच्या बाबतीत कागदावर तुमचा नाशिकचा बूट कमी नाही. अडचण गेटवर येते. तिथला सेफ्टीवाला ज्यूल मोजत बसत नाही, तो बुटाच्या बाहेरच्या बाजूला शिवलेला हिरवा त्रिकोण शोधतो. तो नसेल तर पहिल्याच दिवशी परत पाठवतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

हा हिरवा त्रिकोण म्हणजे सीएसए झेड१९५ या कॅनडाच्या मानकाची खूण. हिरवा असेल तर १२५ ज्यूलची टोपी आणि तळात खिळा-रोधक पत्रा किंवा कापडी थर, दोन्ही आहेत. पिवळा त्रिकोण ९० ज्यूलचा, तोही तळासकट. हलक्या कामाला ठीक, बांधकामाला नाही. निळा आयत दिसला तर टोपी १२५ चीच, पण तळात संरक्षण नाही. दुकानात सेल लागतो तेव्हा निळेवाले स्वस्तात पुढे मांडलेले असतात आणि नवखा माणूस तेच उचलतो. गोदामात चालतील, पण फळ्यांतून उलटे खिळे वर आलेले असतात त्या साइटवर ते घालून जाऊ नका.

तुम्ही इलेक्ट्रिशियन, त्यामुळे दुसरी खूणही हवी: पांढऱ्या आयतात नारिंगी ग्रीक अक्षर ओमेगा. असा तळ चाचणीत १८,००० व्होल्ट, ६० हर्ट्झ, एक मिनिट सोसतो आणि गळती प्रवाह १ मिलिअँपिअरच्या आत ठेवतो. मात्र ही चाचणी कोरड्या स्थितीतली. बूट ओला असला, तळ झिजून गुळगुळीत झाला असला किंवा त्यात स्क्रू रुतून बसला असला, तर ओमेगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. सप्लाय बंद करून कुलूप लावणं आणि टेस्टरने खात्री करणं, ही कामं बूट करत नाही. पिवळ्या आयतात हिरवी ‘एसडी’ अक्षरं असलेला बूट मात्र चुकूनही घेऊ नका. तो अंगावरची स्थिर वीज हळूहळू जमिनीत जाऊ देण्यासाठी बनवलेला असतो, म्हणजे तुमच्या गरजेच्या नेमका उलट. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तो कामाचा.

आता माप. बहुतेकांचे पाय इथेच फसतात.

भारतातले नंबर ब्रिटिश पद्धतीचे, कॅनडातले अमेरिकन. पुरुषांसाठी साधारण एक नंबर वाढवायचा, म्हणजे तुमचा ८ तिथे ९. पण लांबी हा अर्धाच भाग झाला. लहानपणापासून चपला घातलेल्या आपल्या बऱ्याच लोकांचा चवडा पसरट असतो, आणि तिथला नेहमीचा बूट ‘डी’ रुंदीचा. चवडा मावत नाही म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. मग बूट लांब होतो, टाच आत वर-खाली होते, फोड येतात आणि शिडीवर पुढचं टोक अडखळतं. उपाय नंबर वाढवण्यात नाही, रुंदी वाढवण्यात आहे: ‘ई’, ‘ईई’, अगदी ‘४ई’पर्यंत रुंदी मिळते. दुकानात ब्रॅनॉक नावाचं धातूचं मोजपात्र असतं, दोन्ही पाय त्यावर उभं राहून मोजून द्यायला सांगा. उभं राहूनच, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. दोन पायांत फरक निघाला तर मोठ्या पायाचं माप धरा.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय फुगलेले असतात, साइटवरही फुगणारच. ज्या मोज्यांवर काम करणार तेच मोजे घालून जा. नाडी सोडून पाय पुढे ढकलला की टाचेमागे एक बोट आत जावं. मग टाच मागे ठोकून घ्या, नाडी आवळा आणि चाला. टाच थोडी, अर्ध्या सेंटिमीटरभर, उचलली गेली तर नव्या ताठ बुटात ते चालतं. त्याहून जास्त नको. त्यानंतर पॅनेलच्या खालच्या ओळीत काम करताना बसता तसे उकिडवे बसा. टोपीची मागची कडा बोटांच्या मुळाशी टोचली तर तो बूट तिथेच ठेवा. चामडं सैल होतं, टोपी होत नाही. “घालून घालून बसेल” हे विक्रेत्याचं म्हणणं चामड्यापुरतं खरं, टोपीला लागू नाही. दुकानात उतार किंवा पायरी असेल तर खाली उतरून बघा. अंगठा टोपीवर आपटत असेल तर बूट लांबीला कमी आहे.

घरी आणल्यावर दोन-तीन संध्याकाळी घरातच, गालिचावर, तासभर घाला. तळ मळला नसेल तर बदलून मिळण्याची शक्यता राहते; साइटवर एकदा गेला की तो तुमचा. पाण्यात भिजवून बूट मऊ करायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, त्याने चामडं आणि डिंक दोन्ही बिघडतात.

उंची ६ किंवा ८ इंच. कित्येक ठेकेदार ६ च्या खाली चालवून घेत नाहीत. इलेक्ट्रिशियनला बहुधा ८ सोयीचा, चिखलात आणि तारांच्या तुकड्यांत घोटा झाकलेला राहतो. टाच मात्र खालून काटकोनात कापलेली हवी. शिडीच्या पायरीवर तीच अडकून पाय धरून ठेवते. सपाट पांढऱ्या तळाचे वेज बूट लोखंडकाम करणाऱ्यांना आवडतात, चिखलात मात्र ते साबणासारखे घसरतात.

टोपी पोलादी की कंपोझिट (धातूविना बनवलेली)? तुमच्यासाठी कंपोझिट. पोलाद थंडी थेट बोटांपर्यंत आणतं. कंपोझिट टोपी जरा जाड असते, पुढचा भाग थोडा बोजड दिसतो, पण जानेवारीत उणे १५ ला कंड्युट (तारांचे पाइप) बसवताना दिसण्याचा विचार कुणी करत नाही. तळातल्या संरक्षणाचंही तसंच: कापडी थर हलका, लवचीक आणि कमी थंड असतो, मात्र अगदी बारीक खिळ्यापुढे पोलादी पत्रा जास्त भरवशाचा. फळ्या उपसण्याचं काम जास्त असेल तर पत्रा, एरवी कापडी.

थंडीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण नाशिकची थंडी हा अनुभव इथे उपयोगाचा नाही. बुटावर २००, ४००, ६००, ८०० असे आकडे लिहिलेले असतात. ते बुटाचं वजन नव्हे, आतल्या ऊबदार अस्तराचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. साहजिकच वाटतं, मोठा आकडा चांगला. पण सतत चालणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसाचा पाय ८०० च्या बुटात घामाने ओला होतो आणि जेवणाच्या सुट्टीत तोच घाम गार पडतो. ओला पाय कोरड्या पायापेक्षा कितीतरी लवकर गारठतो. इमारत बंदिस्त झाली असेल आणि आत हीटर असतील तर २०० पुरे. उघड्यावर एका जागी उभं राहून तारा ओढायच्या असतील तर ४०० ते ६००. पहिल्या हिवाळ्यात २०० किंवा ४०० घ्या आणि उरलेलं काम मोज्यांवर सोडा.

मोजे मेरिनो लोकरीचे. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. हिवाळ्यात सुती मोजे घरातच राहू द्या. दोन जाड मोजे एकावर एक चढवले की बूट आवळला जातो, रक्त खाली नीट पोचत नाही आणि पाय जास्तच गार होतात. एकच चांगला, फार तर आत एक पातळ सिंथेटिक. डब्यासोबत कोरड्या मोज्यांचा एक जोड रोज न्या आणि दुपारी बदला. फुकटातला यापेक्षा चांगला उपाय नाही.

बर्फावर घसरण्याचं गणित वेगळं. बुटावर ‘स्लिप रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं ते सहसा तेलकट किंवा ओल्या फरशीच्या हिशोबाने, बर्फाच्या नव्हे. थंडीत कडक होणारा प्लास्टिकसारखा तळ बर्फावर निरुपयोगी. मऊ राहणारं रबर आणि खोल नक्षी बघा. टोरंटोच्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत हिवाळी बुटांचे तळ खऱ्या बर्फाच्या उतारावर तपासून हिमकणांच्या खुणा देतात. खरेदीआधी तिची यादी चाळून बघा. साइटच्या वाटेवर निव्वळ काच झालेला बर्फ असेल तर बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. आत शिरताना ते काढायचे, गुळगुळीत काँक्रीटवर आणि शिडीवर तेच पाय घसरवतात.

टिकाऊपणा तळ कसा जोडलाय यावर ठरतो. गुडइयर वेल्ट म्हणजे कडेने पट्टी शिवून जोडलेला तळ. झिजला की नवा बसवता येतो. पण सीएसए बूट दुरुस्तीला देण्याआधी विचारा, कारण तळ बदलल्यावर मूळ खूण ग्राह्य धरतात का हे सेफ्टीवाल्यावर असतं. डिंकाने चिकटवलेला किंवा साच्यात ओतलेला तळ हलका आणि स्वस्त, सुटला की बूट संपला. एका गोष्टीपासून सावध राहा: पॉलियुरेथेनचा मधला थर न वापरता पडून राहिला तरी हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. चार-पाच वर्षं खोक्यात असलेला ‘नवा’ बूट आठवडाभरातही तुकडे होऊन गळून पडू शकतो. भारतातून दोन जोड आणून एक राखून ठेवण्याचा विचार यासाठीही सोडा. अर्ध्या किमतीत जुना साठा दिसला तर आतल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख शोधा, आणि अंगठ्याने मधला थर दाबून बघा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर निघून या.

देखभालीचा मोठा शत्रू मीठ. हिवाळ्यात रस्त्यांवर टनावारी मीठ टाकतात, ते चामड्यावर पांढऱ्या रेघा काढतं आणि चामडं कोरडं करून तडकवतं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसा. रेघा उमटल्याच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, नंतर साध्या पाण्याने. दर दोन-तीन आठवड्यांनी चामड्याचं तेल किंवा मेण, पातळ हात. ओले बूट हीटरला टेकवून ठेवू नका, चामडं आक्रसतं आणि डिंक सुटतो. आतलं अस्तर आणि तळपट्टी काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून, खोलीच्या हवेत वाळू द्या. मंद गरम हवेचं बूट वाळवण्याचं यंत्र मिळतं, तेही चालेल. एका रात्रीत बूट पूर्ण वाळत नाही, म्हणून पुढे जमेल तेव्हा दुसरा जोड घेऊन आलटून-पालटून घाला. दोन जोड असे वापरले तर एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

टोपीवर जड वस्तू पडली तर वरून काही दिसत नसलं तरी तो बूट बाद. चामडं फाटून पोलादी टोपी उघडी पडली तर इलेक्ट्रिशियनने तो लगेच टाकावा.

पैशांचं: हिरवा त्रिकोण आणि ओमेगा असलेला बरा जोड साधारण १५० ते २५० डॉलरमध्ये येतो, वर ऑन्टारिओचा १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. २०० चा बूट बिलावर २२६ होतो, तेवढे बाजूला ठेवा. रुपयांत गुणाकार करू नका, नाहीतर हात आखडतो आणि ७० डॉलरचा बूट घेऊन फेब्रुवारीत पुन्हा दुकानात जावं लागतं. ऑफर लेटर हातात आहे तर आत्ताच विचारून घ्या, बुटांसाठी वार्षिक भत्ता आहे का. बऱ्याच कंपन्या आणि युनियन ठराविक रक्कम बिल दाखवल्यावर देतात. बिल जपून ठेवा. मार्क्ससारख्या साखळी दुकानांत निवड भरपूर असते; टेरा, कोडियाक, रॉयर, डकोटा ही नावं सगळीकडे दिसतील. नावावर जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची रुंदीसुद्धा वेगळी निघते.

बॅगेत बुटांची वाचलेली तीन-चार किलोची जागा आहे, तिथे घरात घालायला एक चप्पल टाका. इथे घरात बूट घालून कुणी फिरत नाही. उतरल्यावर कामाच्या पहिल्या दिवसाआधी निदान तीन-चार दिवस हाताशी राहतील असं तिकीट काढा, म्हणजे मापं, खरेदी आणि गालिचावरच्या त्या दोन-तीन संध्याकाळी त्यात बसतील.